पंचाची वाहवा

निंदा कशी सोसावी याविषयीं आपल्याकडे उपदेशाची वाण नाहीं. स्तुति कशी सोसावी याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. जणूं स्तुति ही सोसावयाची वस्तूच नव्हे. गीतेच्या बाराव्या अध्यायांत निंदा आणि स्तुति ज्यास सारखीच, असा भक्त भगवंतांस प्रिय म्हणून सांगितला आहे. व्यवहारांत या लक्षणाचा अर्धाच भाग आपण अभ्यासास घेतों. शिवी ऐकूं आली कीं आपणांस समत्वाची आठवण होते. शाबासकी मिळाली कीं तोच अभ्यास उद्यांवर जातो. आमची ही तक्रार प्रथम स्वतःविरुद्धच आहे. गेलीं पुष्कळ वर्षें आम्ही कोल्हापुरांत हौसेनें फुटबॉलच्या सामन्यांत पंचाचें काम करीत आलों आहों, आणि या कामांत निंदा व स्तुति या दोहोंचाही व्यवहार इतका रोकडा चालतो कीं त्याविषयीं विचार केल्यावांचून राहवत नाहीं.

कोल्हापुरचा फुटबॉल ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस एवढें सांगितलें पाहिजे कीं, येथें हा खेळ साहेबी क्लबांचा राहिलेला नाहीं. तो पेठांचा व तालमींचा आहे. ज्या तालमींनीं पैलवान पोसले त्यांनींच फुटबॉलचे संघही उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशीं नांवें धारण करणारे संघ शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे त्यांच्यामागें सबंध पेठ येऊन बसते. अशा मैदानावर जो कोणत्याच पेठेचा नाहीं असा माणूस एकच, आणि त्याच्या तोंडांत शिटी असते.

पंचाची ही एकाकी स्थिति मूळची नव्हे. १८६३ सालीं लंडनमध्यें या खेळाचे जे नियम लिहिले गेले त्यांत पंचाचें नांवसुद्धां नाहीं. तंटा पडलाच तर सभ्य गृहस्थ तो आपसांत मिटवितील, अशी समजूत होती. ती फार दिवस टिकली नाहीं. मग प्रत्येक संघ आपापला पंच घेऊन येऊं लागला, आणि त्या दोघांचें जुळेना तेव्हां निकाल देण्यास तिसरा एक गृहस्थ रेषेबाहेर उभा राहूं लागला. १८९१ सालीं हा तिसरा गृहस्थ सर्वाधिकारी होऊन मैदानांत आला आणि ते दोघे हातांत निशाण घेऊन कडेला गेले. खेळाच्या इतिहासांत हा बदल एका ओळींत सांगतात. आम्हांस तो फार मोठा वाटतो. पूर्वींच्या पंचानें कांहींही निकाल दिला तरी त्याची पाठ थोपटणारा एक पक्ष ठरलेला असे. १८९१ नंतरच्या पंचास तसा पक्ष उरला नाहीं. निःपक्षपाती होणें म्हणजे शाबासकीचें हक्काचें घर आपण होऊन सोडून येणें, असा त्याचा अर्थ आहे.

त्यांतून हौशी पंचाचें पोट या कामावर नसतें. जाण्यायेण्याचा खर्च निघतो, थोडें मानधन मिळतें. मग तो उन्हातान्हांत धांवतो कशासाठीं? खेळाची आवड हें एक उत्तर आहे, व तें खरें आहे. पण घरीं परततांना कोणी तरी ‘चांगलें केलें’ म्हणावें ही आशा त्याच्या पिशवींत बुटांशेजारींच असते. ज्यास दुसरें वेतन नाहीं तो या वेतनास अधिक लोभावतो.

तें वेतन बहुधा खोट्या नाण्यांत मिळतें. सामना संपतांच जिंकलेल्या बाजूचा कोणी तरी येऊन ‘सर, आज एक नंबर!’ म्हणून हात दाबतो. पुढच्या रविवारीं तोच गृहस्थ कठड्यावर चढून आमच्या डोळ्यांविषयीं व कुळाविषयीं जें बोलतो तें येथें लिहितां येत नाहीं. त्याची स्तुति साक्ष म्हणून स्वीकारावयाची तर त्याची शिवीही साक्षच ठरते. साक्षीदार तोच आहे. म्हणून जिंकणाऱ्याची वाहवा ऐकून हंसावें आणि बुटांच्या नाड्या सोडाव्यात, एवढी शहाणीव आम्हांस लवकर आली. हरणाऱ्याची वाहवा मात्र आम्ही खरी मानूं लागलों, कारण ती देण्यास त्यास कांहीं तरी गिळावें लागतें. या समजुतीचें काय झालें तें पुढें सांगूं.

जाणत्या मंडळींत आणखी एक प्रकारची स्तुति चालते: ‘आज पंच दिसलाच नाहीं.’ ही फार उंची समजली जाते, आणि तिच्यांत तथ्यही आहे. एका खेळाडूस अडखळविलें गेलें, तरी चेंडू त्याच्याच सोबत्याकडे गेला, तर पंचानें शिटी न वाजवितां खेळ चालूं द्यावा. त्यांतून लाभ झाला नाहीं तर क्षणभरानें मागें येऊन मूळ अपराधाची शिक्षा द्यावी, असा नियम आहे. हा नियम ज्यास साधला तो पंच न वाजविलेल्या शिटींत आपलें कौशल्य खर्च करतो, आणि तें प्रेक्षकांस दिसत नाहीं. तरी पण न दिसणें हाच सद्गुण मानला कीं त्याआड भित्रेपणाही सुखानें राहतो. १९७४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना म्यूनिकमध्यें झाला. यजमान पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूस स्पर्श होण्यापूर्वीं, पहिल्याच मिनिटांत, जॅक टेलर या इंग्रज पंचानें त्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली. हा टेलर धंद्यानें खाटिक होता. न दिसण्याची हौस असती तर त्यास त्या मिनिटासारखी संधि नव्हती! पुढें त्याच सामन्यांत त्यानें जर्मनीसही पेनल्टी दिली, आणि तिच्याविषयीं वाद झाला तो पुष्कळ वर्षें चालला. पहिलीविषयीं त्याच्या धैर्याचें कौतुक होतें. धैर्य आणि अचूकपणा हे दोन निराळे गुण आहेत, हें मात्र कौतुकाच्या भरांत कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

आमच्याही लक्षांत राहिलें नव्हतें. तीन वर्षांपूर्वीं एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत, शेवटचीं पांच मिनिटें उरलीं असतां, एका गोलानें मागें असलेल्या संघानें जोराचा फटका मारला व तो बचाव करणाऱ्यास लागून परतला. चेंडू हातास लागला, असा एकच गिल्ला झाला. आम्ही धांवत दहा पावलांवर पोंचलों होतों. आमच्या डोळ्यांनीं छाती पाहिली. आम्हीं खेळ चालू ठेवला, आणि तो संघ हरला. मग त्याचा कर्णधार चिखलानें भरलेला हात पुढें करून म्हणाला, ‘‘मॅच चांगली घेतलीसा, सर.’’ हरलेल्याची वाहवा! ती आम्हीं मिठाईच्या पुड्यासारखी जपून घरीं नेली.

रात्रीं एका प्रेक्षकानें मोबाइलवर घेतलेलें चित्रण आमच्याकडे आलें. हात लागला होता, आणि तोही पसरलेला. खेळांत काय घडलें याविषयीं पंचाचा निर्णय अंतिम असतो आणि सामना संपल्यावर तो फिरवितां येत नाहीं; तेव्हां निकालाचा प्रश्न उरलाच नव्हता. उरला होता तो त्या वाहवेचा. लग्नघरांतून चुकून आणलेली दुसऱ्याची छत्री जशी कोपऱ्यांत उभी राहून पाहत असते तशी ती आमच्याकडे पाहूं लागली. परत करावी, तर त्यांतही खोंच होती: चूक कबूल करणारा पंच म्हणून नवी स्तुति मिळेल, असा लोभ त्या कबुलीच्या पोटांत नसेलच कशावरून? या वकिलींत आम्हीं पंधरा दिवस घालविले. अखेर उद्यमनगरांत, जेथें तो कर्णधार लेथवर काम करतो तेथें गेलों, आणि झालें तें सांगितलें.

त्यानें कापडाला हात पुसले. ‘‘ते आम्हाला तिथंच दिसलं हुतं की, सर,’’ तो म्हणाला. ‘‘हात लागलाच हुता. पण तुम्ही पळत आलासा, म्होरं उभं राहून बघितलंसा. दुसरा कोण असता तर मैदानाच्या मध्यातनंच हात हलवला असता. बघूनबी दिसलं न्हाई, त्याला काय करणार?’’ आणि त्यानें यंत्र पुन्हां सुरू केलें.

म्हणजे ज्या स्तुतीस आम्ही आमच्या निर्णयाचें प्रमाणपत्र समजत होतों ती त्यानें निर्णयास दिलीच नव्हती. आपणांवर अन्याय झाला हें पुरतें जाणून त्यानें ती दिली होती, आणि दिली होती ती आमच्या धांवण्याला व पाहण्याला. परत करण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. सुटल्यासारखें वाटलें, त्याहून अधिक लाज वाटली, कारण त्या माणसानें आम्हांस जितकें नीट पाहिलें होतें तितकें आम्हीं कोणासच पाहिलें नव्हतें.

असें म्हणावयास आम्हांस कारण आहे. खेळाडूंची स्तुति पंचानें मैदानावर करूं नये, हें योग्यच आहे. उमेदवारींत आमच्या तोंडून एका सुरेख फटक्यास ‘वा!’ निघालें तेव्हां एका वडील पंचांनीं आम्हांस बजाविलें होतें कीं पंचाचा ‘वा’ म्हणजे अर्धी फ्रीकिक. एकाची वाखाणणी तो दुसऱ्याचा तेजोभंग, हें शल्यानें कर्णाच्या रथावर दाखवून ठेविलेंच आहे. पण आमच्या सोबत्यांविषयीं तें बंधन नाहीं. कडेला निशाण घेऊन धांवणाऱ्यास १९९६ पासून नियमांत सहायक पंच म्हणतात. लोक अजून लाइन्समनच म्हणतात. असाच एक कॉलेजांतला मुलगा पहिल्या हंगामांत आमच्याबरोबर होता. सबंध एक अर्ध त्याच्या पाठीशीं एक पेठ बसून त्यास सोलीत होती. सामना संपल्यावर त्याचा चेहरा पाहून आम्ही म्हणालों, ‘‘छान केलंस.’’

‘‘काय छान केलं, सर?’’ त्यानें विचारलें. त्यांत उद्धटपणा नव्हता; त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हांस एकही गोष्ट आठवेना. ‘‘सगळंच,’’ आम्ही म्हणालों, आणि त्यानें मान खालीं घातली. शिव्या देणाऱ्यांनीं त्यास कोणतें निशाण चुकलें तें निदान नेमकें सांगितलें होतें. त्यांनीं त्याच्याकडे पाहिलें होतें.

उद्यमनगरांतून परतल्यावर हा प्रसंग आम्हांस पुन्हां पुन्हां आठवूं लागला. गोल व ताकिदी टिपण्यासाठीं पंचाच्या खिशांत लहान वही असते. तिच्या मागच्या पानावर, खेळ थांबे तेव्हां, आम्ही सहायकांविषयीं एखादा शब्द लिहूं लागलों. तो मुलगा सुदैवानें हें काम सोडून गेला नव्हता. मागच्या हंगामांत एका सामन्यानंतर आम्हीं त्यास वही उघडून सांगितलें, ‘‘चाळिसाव्या मिनिटाला चेंडू मारला त्या क्षणी तू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत होतास. ऑफसाइडचं निशाण वर केलंस ते नेमकं.’’

तो थोडा वेळ बुटाच्या टोकाकडे पाहत राहिला. ‘‘ते, सर, अंदाजानं वर केलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या डोळ्यांवर ऊन आलं होतं.’’

आम्हीं पेन्सिल काढून तेंही लिहून घेतलें.