आधी काय राखावे?

शेतजमिनीवर घरे बांधताना कायदा पाळला म्हणजे आपले कर्तव्य संपते काय? शहापूरवरून जाणाऱ्या नागपूर-भंडारा महामार्गासारख्या रस्त्यांलगत हा प्रश्न आज टाळता येत नाही. राज्याच्या २०२० च्या विकास नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर वा अधिक जमिनीच्या अभिन्यासात १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. नियम योग्यच; परंतु कोणती जागा राखावी, हा विवेक आकड्यात मावत नाही.

भंडाऱ्यात कोहळी समाजाने बांधलेले तलाव हेच सांगतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तलाव शासनाकडे आले. पण त्यांत येणारे पाणी खाजगी शेतांतूनच वाहत राहिले. ती वाट भूखंडाखाली बुजली, तर पाळ शाबूत असूनही तलाव मरतो आणि खालचा धानकरी व ढीवर उपाशी राहतो.

म्हणून नाला, पाणवाट व जुनी झाडे नकाशावर प्रथम राखावीत. घरे उरलेल्या जागेत, लहान भूखंडांवर जवळजवळ बसवावीत. खाजगी मालकी सर्वांच्या हिताला बांधलेली आहे, याचे स्मरण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात करून दिले. भूखंडाचा दर आपण विचारतोच. त्यावरून कोणाचे पाणी वाहते, हेही विचारले पाहिजे.