पिन बसली म्हणून



पनवेलमध्ये आपल्यापैकी कुणाकडे नवा लॅपटॉप आला, की जुना एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावा असे मनात येते. हेतू उत्तमच. पण मूळ अडॅप्टर सापडत नाही. मग कपाटातला, पिन बसेल असा कोणताही अडॅप्टर आपण पिशवीत टाकतो.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर योग्य, असे नव्हे. घरातली वीज २३० व्होल्टची. अडॅप्टर ती बहुधा १९-२० व्होल्टवर आणतो. व्होल्टचा आकडा आणि अधिक-उण्याची खूण दोन्ही लेबलांवर जुळलीच पाहिजे. अँपिअर लॅपटॉपच्या आकड्याइतके किंवा जास्त असावेत. जास्त असले तरी बिघडत नाही, यंत्र गरजेपुरतेच घेते. कमी पडले तर अडॅप्टर तापतो, आणि त्या मुलाचा अभ्यास ऐन परीक्षेत अडतो.

संत लूकच्या दहाव्या अध्यायातला दयाळू शोमरोनी आठवा. तो आधी जवळ गेला. जखमा पाहिल्या, मग तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. उतारशाळेत दोन दीनार दिले, आणि जास्त लागले तर परतताना देण्याचे कबूल केले. आपण मात्र देताना बहुतेक वेळा आपल्याच कपाटाकडे पाहतो! नकोसे झालेले देणे आणि दान यांत प्रभू येशू फरक करतो.

तेव्हा देण्याआधी लॅपटॉप उलटा करून लेबल वाचावे. अक्षरे पुसली असतील तर लॅपटॉपच दुकानात न्यावा. योग्य अडॅप्टर विकत घ्यावा लागला, तर तो खर्च आपणच सोसावा.