स्मृतीचें चित्र

‘साठी बुद्धि नाठी’ या एका म्हणीवर आमच्या घरांनीं वार्धक्यांतील विस्मृति आजवर निभावून नेली. त्या थट्टेंत एक प्रकारची दयाहि होती. आजोबांस नातवाचें नांव सुचलें नाहीं, तर दोष वयाकडे जाई. १९०६ सालीं आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें एका मृत स्त्रीच्या मेंदूंतील साके व गुंतलेले तंतु यांचें वर्णन केलें, आणि थट्टेच्या विषयाला पुढें रोगाचें नांव मिळालें. तरी जवळजवळ शतकभर खात्रीचें निदान व्हावयाचें तें मृत्यूनंतरच.

२००४ सालीं पिट्सबर्गच्या क्लंक व मॅथिस यांनीं, स्वीडनमधील सहकाऱ्यांसह, शिरेंत किरणोत्सर्गी द्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूंतील अमिलॉइडचे साके चित्रांत उमटविल्याचें प्रसिद्ध केलें. साधें एम. आर. आय. चित्र तर आतां अमरावती-अकोल्यासहि निघतें. मेंदू किती आक्रसला तें त्यांत दिसतें. पण हे साके विस्मृतीच्या पुष्कळ वर्षें आधींपासून सांचूं लागतात, आणि ते असूनहि कित्येक वृद्ध अखेरपर्यंत शुद्धबुद्धि राहतात. रोग समूळ घालविणारें औषध नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेनें पूर्ण मान्यता दिलेलें लेकानेमॅब त्याची गति थोडी मंदावतें, इतकेंच. असें अर्धवट भविष्य जाणावें काय, आणि तें प्रथम कोणीं जाणावें?

दुसऱ्या प्रश्नाविषयीं आम्हांस संदेह नाहीं. आमच्या वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांतहि वैद्याचा कागद मुलगा वाचतो, आणि ‘बाबा, थोडा अशक्तपणा आहे’ असें सांगण्यांत येतें. हेतु प्रेमाचाच असतो. परंतु मृत्युपत्र करणें, दुरावलेल्या भावास भेटून येणें, पुढें कोणाकडे राहावयाचें तें ठरविणें, हीं सारीं कामें बुद्धि स्वतःची आहे तोंवरच व्हावयाचीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें पुढील उपचारांविषयीं आधींच लिहून ठेवण्याची सोय केली आहे. ज्यास कांहीं सांगितलेंच नाहीं, तो लिहिणार काय? म्हातारा खचेल, अशी शंका निघेल. कोणी खचेलहि. म्हणून चित्र काढण्यापूर्वींच त्यास विचारावें, कीं निघालेलें ऐकावयाचें आहे ना? ‘नको’ हेंहि उत्तर मानावें.

चित्र पाहून ‘बाबा आतां राहिलेच नाहींत’ असें म्हणणारांस मात्र आम्ही ऋद्धिपुराची आठवण देऊं. अमरावती जिल्ह्यांतील या गांवीं म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या लीळा नागदेवाचार्यांच्या व इतरांच्या स्मरणांतून वेंचून ग्रथित केल्या. पुढें परचक्रांत ग्रंथ गेला, तेव्हां शिष्यांच्या स्मरणांतूनच तो पुन्हा सिद्ध झाला, अशी महानुभावांची परंपरा आहे. पाठ निराळे झाले, पण हें लीळाचरित्र नव्हे असें कोणी म्हटलें नाहीं. बापाचा हरवलेला पाठहि घरानें असाच सांभाळावा. अर्थात् ग्रंथाला भूक लागत नाहीं, भय वाटत नाहीं, माणसाला वाटतें. रागावल्याचा प्रसंग हा रुग्ण विसरतो, त्याचें दुःख मात्र मागें राहतें.

वडिलांनीं शुद्धींत असतांना ‘अकोल्याचें घर विकूं नका’ म्हणून बजावलें असेल, तर तें विकूं नये. पण तेच वडील आतां त्याच घरांत भेदरून ‘मला घरीं न्या’ म्हणत असतील, तर जुन्या शब्दाखातर त्यांस तेथें कोंडून ठेवण्याचा अधिकार आम्ही कोणास देणार नाहीं.