तुम्ही जा

माझा भाचा ताईला घेऊन बोटीने सुएझ कालव्यातून जाणार आहे. धनजला फोन करून त्याने मला पेच घातला. सुएझला उतरून मोटारीने पिरॅमिड पाहावेत व पोर्ट सैदला पुन्हा बोट गाठावी. की बोटीवरच बसून, 1869 साली खुला झालेला, वेठबिगारांच्याही हातांनी खणलेला तो कालवा पाहावा?

ताईला एवढा मोटारप्रवास झेपत नाही. ती म्हणते, "तुम्ही जा."

अशा वेळी माणसाचा शब्द मानावा की मन जाणावे? शब्द मानणे सोयीचे असते, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. (मास्तरकीची खोड!)

लोणारला माझी आईही असेच म्हणाली होती. मी सरोवरापर्यंत उतरलो; ती वर काठावर पिशव्या सांभाळीत बसली. परतल्यावर तिने विचारले, "पाणी खरंच खारं आहे का रे?"

मी चाखलेसुद्धा नव्हते.

भाच्याला म्हटले, "ताईजवळ थांब. तिला कालवा दाखव."