मोगऱ्याचे अत्तर आणि सफेतील शेजारी

पुण्यात एप्रिल लागला की महात्मा फुले मंडईच्या परिसरात आणि गुलटेकडीच्या फुलबाजारात मोगऱ्याच्या कळ्यांचे ढीग दिसू लागतात. त्याच दिवसांत अत्तराच्या दुकानांतील मागणीही बदलते. हिवाळ्यात हिना, शमामा किंवा ऊद मागणारा ग्राहक आता मोगरा, गुलाब, खस अशी नावे घेतो. उन्हाच्या दिवसांत, आणि तेही दिवसा, अत्तर हलके आणि फुलांचे असावे, ही आपल्या वाडवडिलांची जाण होती. वाचकहो, ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट आहे असे समजून पुढे जाऊ नका. शुक्रवारच्या नमाजला जाताना कुपीचे झाकण उघडणारा हात नेमके कोणते कर्तव्य पार पाडतो, याचा विचार व्हायला हवा.

सुगंध ही इस्लामने नाइलाजाने मान्य केलेली चैन नव्हे. सूरह अल-आराफमध्ये (7:31) अल्लाहने आदमच्या संततीला प्रत्येक उपासनेच्या वेळी आपली शोभा धारण करण्याचा आदेश दिला आहे. सूरह अर-रहमानमध्ये पृथ्वीवरील देणग्या मोजताना फळे, खजुरी आणि धान्य यांच्या जोडीने सुगंधी वनस्पतींचाही उल्लेख येतो. पोट भरणारे आणि मन प्रसन्न करणारे, दोन्ही एकाच दात्याने दिले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना सुगंध अतिशय प्रिय होता. आदरणीय अनस (रजि.) सांगतात की, कोणी सुगंध देऊ केल्यास प्रेषित (स.) तो कधी नाकारत नसत. सुवासिक वनस्पती कोणी दिली तर ती परत करू नये, कारण ती उचलायला हलकी असते आणि तिचा गंध चांगला असतो, अशी त्यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. देणाऱ्याच्या मनाचा किती विचार! आपल्या महाराष्ट्रातही पाहुण्याच्या हाताला अत्तर लावण्याची आणि गुलाबपाणी शिंपडण्याची रीत होती. पेशवाईतील पुण्यात अत्तर-गुलाबावाचून आदरसत्कार पुरा होत नसे. लग्नमंडपात ती रीत अजून कुठे कुठे दिसते.

मात्र जुमाच्या दिवशी सुगंध लावण्याचा आदेश कोणत्या प्रसंगी दिला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सुनन अबू दाऊदमध्ये आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांनी तो प्रसंग सांगितला आहे. इराकमधील काही लोकांनी त्यांना शुक्रवारच्या स्नानाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी त्याची सुरुवात कशी झाली ते वर्णन केले. त्या काळी लोक कष्टकरी होते. ते लोकरीचे कपडे घालत आणि पाठीवर ओझी वाहत. मस्जिद अरुंद होती, तिचे छत ठेंगणे होते. एका उष्ण दिवशी प्रेषित (स.) बाहेर आले, तेव्हा लोकरीच्या कपड्यांत लोक घामाने भिजलेले होते आणि त्या वासाने एकमेकांना त्रास होत होता. प्रेषितांना (स.) तो जाणवला. तेव्हा त्यांनी या दिवशी स्नान करावे आणि आपल्याजवळ जे उत्तम तेल व सुगंध असेल ते लावावे, असे सांगितले.

या हकिकतीवर जरा थांबा. उष्ण दिवस, दाटीने बसलेली माणसे आणि अंगमेहनतीचा घाम, या परिस्थितीत हा आदेश आला. त्यामागे उद्देश एकच होता: शेजारच्याला त्रास होऊ नये. घाम गाळणाऱ्यांना कोणी बाहेर काढले नाही, त्यांच्यासाठी वेगळी जागा नेमली नाही, त्यांच्या श्रमाला नावे ठेवली नाहीत. पुढे समृद्धी आली, कपडे बदलले, मस्जिद मोठी झाली आणि तो त्रास बराचसा कमी झाला, असेही इब्ने अब्बास (रजि.) सांगतात. आदरणीय सलमान फारसी (रजि.) यांच्या हदीसमध्ये शुक्रवारचे स्नान आणि घरातील सुगंध यांच्या पाठोपाठ लगेच एक अट येते: सोबत बसलेल्या दोघांच्या मध्ये घुसू नये. लसूण-कांदा खाऊन मस्जिदीत येण्याची मनाई याच धाग्यातील आहे. या सर्व आदेशांत नजर शेजाऱ्यावर आहे, आरशावर नाही.

आता आपल्या पेठांतील मस्जिदींकडे पाहू. जागा मर्यादित, मे महिन्यात पारा 40 अंशांच्या आसपास, आणि जुमाची सफ खांद्याला खांदा लावून उभी. अशा वेळी एखादा भाऊ जाड ऊद किंवा तीव्र कृत्रिम सुगंध मानेवर, मनगटावर, कुर्त्यावर भरभरून लावून येतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. सुन्नत पाळतो आहे असे त्याला वाटते. पण उष्णतेने सुगंधी द्रव्ये वेगाने हवेत मिसळतात. थंडीत जो गंध हातभर दरवळतो, तो उन्हाळ्यात चार सफा व्यापतो. दम्याचा रुग्ण किंवा अर्धशिशीचा त्रास असलेला माणूस रुकूत असतानाच कासावीस होतो. घामाने जो त्रास होत होता, तोच जर अत्तराने होऊ लागला, तर ज्या कारणासाठी आदेश आला ते कारणच आपण विसरलो. मोगऱ्याच्या गंधात इंडोल नावाचे एक द्रव्य असते. अल्प प्रमाणात तेच फुलाला गोडवा देते, आणि प्रमाण वाढले की त्याची दुर्गंधी होते. अल्लाहने फुलातच माप घालून ठेवले आहे. आंघोळ आधी, धुतलेला कपडा त्यानंतर आणि अत्तराचा एखादा थेंब सर्वांत शेवटी, हा क्रम उलटून चालत नाही. न धुतलेल्या अंगावर अत्तर ओतणे म्हणजे नुसती झाकपाक.

बाजाराविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. अत्तर बनवण्याची जुनी रीत कष्टाची आहे. ताजी फुले पाण्यासह तांब्याच्या देगेत घालून खालून आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तेथील चंदनतेलात मुरते. रोज नवी फुले घालून हे अनेक दिवस चालते. कनोजचे कारागीर आजही असेच अत्तर काढतात. चंदनतेल महागल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पातळ खनिज तेल आले, आणि कित्येक कुप्यांत फुलाचा अंशही नसतो. स्वस्त कृत्रिम सुगंध विकणे हा गुन्हा नाही. तो कृत्रिम आहे हे लपवणे हा गुन्हा आहे. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल बाहेर काढणाऱ्या आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. टोपी-तसबीहच्या शेजारी मांडलेल्या कुपीवर खोटी चिठ्ठी लावताना हे आठवले पाहिजे.

अल्कोहोलमिश्रित स्प्रेबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्याच्या मनात शंका असेल त्याने तेलाचे अत्तर वापरावे आणि इतरांशी वाद घालत बसू नये. स्त्रियांनी घरात सुगंध अवश्य वापरावा. घराबाहेर मात्र गंध दरवळत ठेवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे.

महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. पाठीवर ओझी वाहणारे नमाजी मदीनेतच राहिले असे नाही. डॉ. बाबा आढाव यांनी ज्यांना हमाल पंचायतीत संघटित केले, त्या कष्टकऱ्यांचे हे शहर आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोती उचलणारा, रिक्षा चालवणारा, बांधकामावर सिमेंट कालवणारा आपला भाऊ दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी काढून जुमाला येतो. त्याला घरी जाऊन आंघोळ करण्याइतकी सवड नसते. आपल्या अंगाचा वास येत असेल या संकोचाने तो चपलांच्या कडेला, शेवटच्या सफेत उभा राहतो. पुढच्या सफेत जागा असूनही तो सरकत नाही, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला कधी कधी हळूच अंग चोरतो. ते अंग चोरणे त्याला घामापेक्षा जास्त झोंबते.

मस्जिद समित्यांना हे सहज टाळता येईल. उन्हाळ्यापुरती का होईना, शुक्रवारी न्हाणीघरात पुरेसे पाणी, साबण आणि दोन-चार स्वच्छ पंचे ठेवता येतील. जिथे पाण्याची टंचाई आहे तिथे निदान हात, मान, तोंड नीट धुण्याची सोय करता येईल. आणि आपल्यापैकी ज्याच्या खिशात मोगऱ्याची कुपी असेल, त्याने आत शिरल्यावर आधी शेजारी पाहावे. कुपीच्या काडीने एक थेंब त्याच्या हाताच्या पाठीवर लावावा, सलाम करावा आणि त्याला बरोबर घेऊन पुढच्या सफेतील मोकळ्या जागेत उभे राहावे. तो नको म्हणणार नाही. दिलेला सुगंध नाकारायचा नसतो, हे त्यालाही ठाऊक आहे.