खाटेचे चार खांदेकरी



संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवरून येशूकडे आणतात. दारात गर्दी असते. पण ते माघारी फिरत नाहीत. छप्पर उघडून खाट खाली सोडतात.

आपल्या घरात कुणाचे यकृत निकामी होऊ लागले की आपण काय करतो? 'दारूमुळे झाले असेल, लोक काय म्हणतील?' म्हणून आजार लपवतो. काविळीची माळ घालतो, झाडपाला देतो आणि मोलाचे दिवस निघून जातात. खरे तर हा आजार हिपॅटायटिस बी आणि सी विषाणूंमुळे, यकृतात चरबी साठल्यानेही होतो. पोटात पाणी साठले, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि सारे रिपोर्ट घेऊन लगेच यकृततज्ज्ञाकडे जावे. रक्ताची उलटी झाली किंवा रुग्ण भ्रमात बोलू लागला, तर त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. प्रत्यारोपण लागेल का, हेही वेळीच विचारावे. जवळचा नातेवाईक जिवंतपणी यकृताचा भाग देऊ शकतो. ते पुन्हा वाढते.

नोव्हेना जरूर करा, पण तपासणीची तारीख चुकवू नका. खाट एकट्याने उचलली जात नाही. एकाने सोबत जावे, दुसऱ्याने रक्त द्यावे, तिसऱ्याने पैशांची जुळवाजुळव करावी, चौथ्याने मुले सांभाळावीत.

आणि दोष कुणाचा, हे विचारू नये. येशूने त्या माणसाला आधी क्षमा केली, मग उठवले. आपल्या शेजारची खाट आज कोण उचलणार?