मागची बाजू

दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९२१ साली नाशिकमध्ये जन्मले आणि १९५५ साली, उण्यापुऱ्या चौतिसाव्या वर्षी गेले. आज सकाळी मोबाइलवर त्यांचं भजन लावायला गेलं, की आवाजाआधी समोर येतो नखाएवढा चौकोन. त्यात कधी त्यांचा फोटो, कधी धनुर्धारी राम, कधी उगवता सूर्य. वर सोनेरी अक्षरं, तीही चष्मा शोधायला लावणारी. लाँगप्ले रेकॉर्डच्या बारा इंची कव्हरच्या सवयीनं काढलेलं चित्र अंगठ्याखाली मावायला हवं म्हटल्यावर दुसरं काय होणार!

त्या मोठ्या कव्हरसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला तेवढं वाईट वाटत नाही. खुद्द पलुस्करांच्या हयातीत त्यांचं गाणं घरोघर गेलं ते ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तबकडी साध्या कागदी पाकिटात यायची. पाकिटाला मधोमध गोल भोक, त्यातून लेबल दिसायचं: गायकाचं नाव, राग किंवा चीज, कंपनीची खूण. बस. रेकॉर्डच्या अल्बमवर चित्र हवं, हे अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइसला सुचलं तेच मुळी १९४० च्या आसपास. आजच्या चौकोनासाठी डोकं खाजवणाऱ्या चित्रकारानं ते गोल लेबल एकदा जरूर पाहावं. एक खूण, ठसठशीत नाव, आणि बाकी सगळं गाळायची हिंमत.

चुटपुट लागते ती कव्हरच्या मागच्या बाजूची. लाँगप्ले उलटी केली की राग, ताल, बंदिश कळायची. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे कळायचं. कुणा जाणकारानं लिहिलेलं टिपण असायचं. ऐकता ऐकता ते वाचणं हीच अनेकांची संगीताची शाळा. चौकोन लहान झाला तो पडद्यापायी, पण मागची बाजू गेली ती निव्वळ आळसानं. पडद्यावर बोट सरकवावं तेवढी जागा आहे. छपाईचा खर्चही नाही.

‘बैजू बावरा’मधली (१९५२) जुगलबंदी लावून पाहा. पलुस्कर आणि अमीर खाँ, दोन्ही नावं झळकतील. पण बैजूचा आवाज पलुस्करांचा, तानसेनाचा खाँसाहेबांचा आणि राग देसी, हे पहिल्यांदाच ऐकणाऱ्या पोरीला घरातल्या कुणीतरी सांगावं लागतं.